सरखेलांचे टपाल नव्या संगणकी कैसे पोचले

श्रीमंत गणितकुलभूषण, खडूधूलिमंडित बाईसाहेब, ज्यांनी तीन पिढ्यांस पाढे पाजिले आणि अपूर्णांकांच्या फौजा पाहोन ज्यांचा हात कधी कापला नाही, त्यांजवर निवृत्तीउपरांत जो बिकट प्रसंग गुदरला आणि त्याचे निवारण जैसे जाहले, ते साद्यंत लिहोन ठेवावे ऐशी ऐकणारांची मर्जी पडली. त्यास पाहिले तैसे, ऐकिले तैसे लिहितो. अधिकउणे दिसल्यास वाचणारांनी पोटात घालावे.

हकीकत ऐसी जे, बाईंचे यजमान म्हणजे खासे सरखेल. अवघी हयात त्यांनी जहाजांच्या इंजिनखान्यात घालविली, म्हणोन घरीदारी त्यांस सरखेलच म्हणत. दर्यावर असता ते बाईंस रोज ईमेलाने टपाल धाडीत, आणि ते टपाल म्हणजे दोन ओळींची खुशाली नव्हे, हातभर लांब! इंजिन कोठे कुरकुरले, आचाऱ्याने साखर म्हणोन मीठ कैसे घातले, कप्तान कोणावर डाफरला, सर्व बारीकसारीक मजकूर. मग सरखेल निवृत्त होऊन घरी आले, आणि ऐसे गप्प जाहले कीं दिवसाकाठी 'हो', 'नाही' आणि 'चहा' इतकाच शब्दभार मुखातून निघे. बाई लेकीस फोनवर सांगत, "माझा बोलका नवरा त्या डब्यात राहिलाय गं. घरी आलाय तो त्याचा मुका भाऊ."

तो डबा म्हणजे जुना संगणक, बाईंच्या मेजावर तख्तनशीन. वय फार जाहले होते. बटण दाबिले कीं आधी खोके, मग कण्हे, आणि मग मर्जी असली तर उजेड दाखवी. त्यातच सरखेलांचे सगळे टपाल होते, आणि मोठी मेख ही कीं अन्यत्र कोठेही नव्हते. कारण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टपाल घरी उतरले कीं ईमेलवाल्या कंपनीकडील प्रत पुसली जाई. डबा गेला तर बोलका नवरा गेला, हा चोख हिशेब गणिताच्या बाईंस कोणी शिकवावयास नको होता. कित्येकदा सरखेल झोपाळ्यावर मुकाट बसले असता बाई आत येऊन त्यांचेच जुने टपाल वाचीत आणि डोळे टिपीत.

त्याउपरी दूरदेशीच्या लेकीने नवा कोरा लॅपटॉप नजर केला आणि सोबत हुकूम फर्माविला कीं, जुना कधी मान टाकील याचा नेम नाही, सबब टपाल सत्वर हलवावे. मग बाईंनी चष्मा पुसिला आणि पेनड्राइव्ह नामे बोटभर शिलेदारास मोहिमेवर नामजाद केले आणि जुन्या पडद्यासमोर मोर्चा बांधिला. पडद्यावर लिफाफ्याचे चित्र होते. ते दाबिले कीं टपाल उघडे, यास्तव टपाल त्या चित्रातच नांदते याविषयी बाईंस तिळमात्र संशय नव्हता. त्यांनी ते चित्र उचलोन पेनड्राइव्हावर ठेविले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तों काम फत्ते! वर्षानुवर्षांचा ऐवज, आणि एका निमिषात उचलिला! येथेच शंका यावी कीं नाही? परंतु ज्या बाईंनी जन्मभर पोरांस 'ताळा पाहिलास का?' म्हणोन सळो कीं पळो केले, त्यांनीच ताळा पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी काय असतो!

मग विजयाच्या भरात बाईंनी फर्मान काढिले कीं, जुना डबा बिनकामाचा जाहला, मेज मोकळे करावे. सरखेल म्हणाले, "हो." सरखेलांची खोड ऐशी कीं बंद पडलेली वस्तू दिसली कीं ती खोलून पाहिल्यावाचून त्यांस अन्न गोड लागत नसे, आणि चालू वस्तू दिसली तरी तेच. त्यांनी डबा काखोटीस मारिला आणि मागील गॅलरीतील आपल्या कारखान्यात नेला आणि दार लोटोन घेतले.

इकडे बाईंनी चहा घेतला, पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपास जोडिला आणि लिफाफा दाबिला. तों पडद्याने साफ जवाब दिला कीं, हे चित्र ज्या जागेकडे बोट दाखविते ती जागा येथे नाही. बाईंनी पुन्हा दाबिला. पुन्हा तोच उद्धट जवाब. लेकीस फोन लाविला, आणि लेकीने सर्व ऐकोन कपाळावर हात मारिला तो आवाज फोनातून स्पष्ट ऐकू आला.

"आई, तू दारावरची पाटी काढून आणलीस गं! घर तिकडेच राहिलं. पण काळजी करू नकोस, जुना कॉम्प्युटर आहे ना? त्याला फक्त कोणाला हात लावू देऊ नका."

ते समयी गॅलरीतून पत्र्याच्या डबीत स्क्रू पडल्याचा टण्ण ऐसा आवाज आला.

बाई धावल्या. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या, एक चप्पल वाटेतच राहिली आणि फोनावर लेक "आई, काय झालं, आई?" म्हणोन ओरडत राहिली. दार ढकलून पाहतात तों डब्याचा पुरता फन्ना उडालेला! पंखा एकीकडे, तारा दुसरीकडे, आणि सरखेल ज्या चकतीत सर्व टपाल होते तीच हार्ड डिस्क मांडीवर घेऊन बसलेले. तिच्या पोटात दोन जबर लोहचुंबक असतात, ते काढोन हत्यारे भिंतीस टांगावी ऐशी त्यांची मसलत. झाकणाचे दोन स्क्रू तेवढे राहिले होते.

"अहो, थांबा! हात काढा आधी!"

सरखेलांचा हात जागीच थांबला. बाईंचा श्वास चढला होता. "त्यात तुमचं टपाल आहे. जहाजावरून पाठवायचात ते. सगळं."

"ते ठेवलंयस तू?" सरखेल म्हणाले. इतके शब्द त्यांनी एका दमात बहुत दिवसांत उच्चारिले नव्हते.

मग सरखेलांनी चष्मा नाकावर बसविला आणि काढिलेले स्क्रू परत घट्ट केले आणि पंखा जागी बसविला आणि तारा जोडिल्या. शेवटी एक स्क्रू उरला. त्याकडे त्यांनी बराच वेळ संशयाने पाहिले आणि मग तो मुकाट खिशात घातला. बटण दाबिले. डबा हूं कीं चूं करीना. बाईंचा धीर सुटला आणि त्या स्टुलावर बसोन रडू लागल्या कीं, माझ्याच हाताने मी घालविले. तों सरखेलांनी बाईंच्या कंपासपेटीतील खोडरबर मागोन घेतला, मेमरीची पट्टी उपसली, तिचे पिवळे दात एकेक घासोन लख्ख केले आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबोन बसविली. बटण दाबिले. डबा खोकला! कण्हला! आणि उजेड दाखविला.

मग लेकीच्या सल्ल्याने, पाटी सोडोन खरे घर, म्हणजे टपालाचे अवघे फोल्डर, उचलावयाची दुसरी मोहीम निघाली. पडद्याने आधी बारा मिनिटे लागतील म्हणोन सांगितले, मग चार दिवस, मग एक मिनिट, आणि त्या एका मिनिटातच दोन प्रहर गेले. डबा तापोन विझू नये म्हणोन सरखेल त्यास पुठ्ठ्याने वारा घालीत बसले, दोघांचे जेवण तेथेच मेजाच्या कडेस जाहले, आणि दिवेलागणीच्या सुमारास ऐवज अखेर नव्या लॅपटॉपात उतरला. या खेपेस बाईंनी ताळा पाहिला. इकडील टपाल मोजिले, तिकडील मोजिले. एकाचेही उणे नाही!

बाईंनी त्यातले एक उघडोन मोठ्याने वाचिले. "आज इंजिनाचा आवाज बसलाय, अगदी परीक्षेच्या दिवसांत तुझा बसतो तसा. गुळण्या करतेस ना?" आणि पुढे त्यांस वाचवेना.

"अहो, इतकं बोलायचात तुम्ही. मग घरी आल्यापासून का गप्प? माझं काय चुकलं?"

सरखेल चकित होऊन म्हणाले, "तूच सांगितलंस की. मी आलो त्या आठवड्यात. तू शाळेतून दमून आलीस, मी पंपाचं सांगत होतो. म्हणालीस, दिवसभर वर्गाचा गलका ऐकून कान किटलेत, आता तुम्ही तरी गप्प बसा."

"अहो, ते त्या दिवसापुरतं!"

"तसं म्हणाली नव्हतीस. जहाजावर हुकूम सुटला की सुटला. मागे घेतल्याशिवाय मोडायचा नसतो."

बाई हसू लागल्या आणि हसता हसता पुन्हा रडू लागल्या आणि पदराने नाक पुसोन म्हणाल्या, "देवा! सात वर्षं! घेतला मागे. आत्ताच्या आत्ता घेतला. बोला!"

"पंपाचं सांगू? अर्धंच राहिलं होतं."

येणेप्रमाणे टपाल बिनघोर पोचले, ताळा जुळला, हुकूम रद्द जाहला आणि बाईंची सरशी जाहली, ती येथे नमूद केली असे. बखर या जागी आटोपावी ऐसा इरादा होता, परंतु सरखेल अद्याप पंपाच्या पहिल्या झडपेपाशीच आहेत, पुढे अवघे जहाज उरले आहे, आणि बाई हनुवटीस हात लावोन म्हणतात, "मग? पुढे?"