विरुद्ध एक

आमच्या मंडळीच्या इतिवृत्तात गेल्या तीस-बत्तीस वर्षांत ‘एकमताने मंजूर’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत. आमच्यात फार मतभेद आहेत असं नाही. आमच्यात शमुवेलकाका भालेराव आहेत. ठराव कुठलाही असो, अध्यक्षांनी ‘विरुद्ध कोण?’ असं विचारलं की तिसऱ्या बाकावरून एक हात सरळ वर जातो आणि पाठोपाठ आवाज येतो, “विरुद्ध एक. लिहा.”

ते ‘लिहा’ माझ्यासाठी असतं. कल्याणातल्या या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीची मी चिटणीस. आठवडाभर डोंबिवलीच्या शाळेत पोरांना ‘हात खाली’ म्हणून ओरडायचं आणि रविवारी काकांचा वर गेलेला हात लिहून घ्यायचा, असं माझं चाललेलं असतं.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंखे बसवायचे ठरले, काका विरुद्ध. पंखे आले तेव्हा दिवसभर शिडी धरून उभे राहिले तेही काकाच, आणि एक पंखा बरोब्बर तिसऱ्या बाकावर आला. नाताळच्या फराळात करंज्यांऐवजी केक ठेवायचा ठराव आला, काका विरुद्ध. पुढच्या वर्षी केकऐवजी पुन्हा करंज्या, तरी काका विरुद्धच. रविवारच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवल्याबद्दल खुद्द त्यांचंच अभिनंदन करायचा ठराव मांडला, तेव्हा सगळे माना वळवून गालात हसत होते. काकांनी शांतपणे हात वर केला. शाल मात्र घेतली, कारण मंजूर झालेला ठराव पाळलाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला. बारीकसा ओरखडा दिसला की माल परत. म्हणून मी एकदा त्यांना म्हटलं, काका, तुमची नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. ते म्हणाले, “नोकरीत मी कारण द्यायचो, सेक्रेटरीबाई. इथं कुठं देतो?” हे खरंच होतं. विरोधाचं कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही.

तिसऱ्या बाकावर त्यांच्या डाव्या हाताला एक जागा कायम रिकामी असते. तिथं गीतांचं पुस्तक आणि त्यावर घडी घातलेला रुमाल. ती लीलाकाकूंची जागा. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. नाताळला देऊळ तुडुंब भरतं, लोक दारात उभे राहतात, पण तो रुमाल कोणी उचलत नाही. उचलायची माझीही छाती नाही.

तर गेलं वर्षभर आमची मंडळी नुसती धुमसत होती. पंथाच्या मुख्य कचेरीने तीन वर्षांत आमचे चार पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलले. एकाचं नाव पाठ होईपर्यंत दुसरे सामान घेऊन दारात. मग फर्मान आलं: सकाळची वेळ इंग्रजी उपासनेला, मराठी उपासना दुपारी तीनला. पत्र्याखाली, एप्रिल-मे महिन्यात! उपासना संपली तरी लोक घरी जाईनात. आवारात घोळके करून उभे राहायचे आणि घरी पोहोचल्यावर तेच भांडण ग्रुपवर पुढे चालू. शेवटी पंथच सोडायचा, स्वतंत्र मंडळी म्हणून भाड्याच्या हॉलमध्ये बसायचं, असं वारं सुटलं. मीसुद्धा त्यात होते. मला तर उद्याच निघायचं होतं.

ठराव लिहायला घेतला कोणी? शमुवेलकाकांनी! मुख्य कचेरीला ते आयुष्यभर तिखट पत्रं लिहीत आले होते. चार पानांचा ठराव त्यांनी वळणदार अक्षरात लिहून आणला. फक्त शेवटचं कलम वाचून आम्ही डोक्याला हात लावला: मंडळी निघेल तर एकमताने निघेल, नाहीतर निघणार नाही. ज्या माणसाने आम्हाला कधी एकमत लाभू दिलं नाही, त्यानेच ही अट घालावी! काकांचं म्हणणं एवढंच की बहुमताने निघाली तर ती निघणं नाही, फुटणं आहे. आणि या वेळी आपला हात बाजूने वर जाईल, असा त्यांनी शब्द दिला.

तो शब्द स्वस्त नव्हता. शहाडच्या बाजूची दफनभूमी पंथाची आहे. पंथ सोडणाऱ्याला तिथे जागा मिळणार नाही, असं कचेरीने स्पष्ट कळवलं होतं. लीलाकाकू तिथेच आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा काकांसाठी राखलेली आहे. “माझी जागा मी सोडली,” एवढंच ते सभेत म्हणाले आणि खाली बसले. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मतदानाच्या रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. अध्यक्ष गायकवाडसरांनी बाजूची मतं मागितली. हातच हात वर झाले. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, काकांचाही हात वर! तरुण पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मी घाईघाईने ‘एकमताने’ लिहून टाकलं. तीस वर्षांत न लिहिलेला शब्द, राहवेना.

सरांनी रीत म्हणून विचारलं, “विरुद्ध?”

मागच्या बाकावर राहेलबाई सोनवणे बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. त्यांचा नवरा आणि तरणाताठा मुलगा, दोघेही शहाडला मातीत आहेत. त्यांनी हात वर केला. सगळं देऊळ मागे वळलं. कुणीतरी चुकचुकलं, कुणी कपाळावर हात मारला. सर समजुतीने म्हणाले, “राहेलबाई, हात खाली घ्या. तुमच्या एका हातानं सगळं अडतंय.”

बाई बिचाऱ्या गोंधळल्या. हात खाली यायला लागला. कानापर्यंत आला. मी मनात म्हणत होते, घ्या, घ्या खाली. ते आठवलं की आज मला लाज वाटते.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावर काका उठून उभे राहिले. “माझं बाजूचं मत खोडा,” ते म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. राहेलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचाही हात पुन्हा वर गेला आणि या वेळी वरच राहिला.

ठराव पडला. मग जो गलका झाला तो विचारू नका. एक पोरगा काकांच्या समोर जाऊन म्हणाला, “काका, तुम्हीच लिहिलेलात ना ठराव?” शेवटी स्वतःच्या जागेचा मोह सुटला नाही म्हाताऱ्याला, असं लोक उघड बोलले. मीही तेच बोलले.

मंगळवारी इतिवृत्तावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेले ती भांडायच्या तयारीनेच. काकांनी चहा ठेवला. मी म्हटलं, निदान आज तरी कारण सांगा.

त्यांनी गाळणी धुवून ठेवली. मग सांगू लागले. बत्तीस वर्षांपूर्वी देवळाच्या घंटावाल्याला दारू पितो म्हणून खोलीतून काढायचा ठराव आला होता. लीलाकाकूंनी एकटीने विरुद्ध हात वर केला. काका तेव्हा मंडळीच्या कारभारात नुकतेच पंच म्हणून निवडून आलेले. शेजारी बसून होते, हात मांडीवर. अध्यक्ष म्हणाले, बाई, हात खाली घ्या, एकमताने लिहायचंय. काकूंनी हात खाली घेतला.

“मला कधी बोलली नाही त्यावरून,” काका म्हणाले. “पण जुनं पुस्तक काढून बघा. एकमताने, असंच लिहिलंय. ती त्यात नाहीच.”

त्याच्या पुढच्या सभेपासून काका प्रत्येक ठरावाला विरुद्ध होते. न जाणो कोणाला हात वर करायचा असेल, तर तो एकटा पडू नये म्हणून. बत्तीस वर्षं ते वाट बघत होते आणि परवाच्या रविवारपर्यंत दुसरा हात कधी आलाच नाही.

इतिवृत्ताचं पुस्तक मी त्यांच्यापुढे उघडलं. ‘एकमताने’ खोडून मी वर ‘विरुद्ध दोन’ असं लिहिलेलं होतं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं, पण सही केली नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

“नावं लिहा,” ते म्हणाले. “आधी राहेलबाईंचं. मी त्यांच्या खाली.”