बारकूआत्याची रेघ

बारकूआत्या भेटली की नमस्कार करत नाही. ती तुमचं मनगट पकडते.

मी सोनिवलीत राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर, अशी लिफ्टची वाट बघत उभी होते. मागून एक हात आला आणि माझं मनगट पान्ह्यात नट सापडावा तसं सापडलं. वळून बघते तर साठी ओलांडलेली, चांगली उंचीपुरी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली आणि पायात उल्हासनगरहून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई.

"सोडव," ती म्हणाली.

"अहो, काय पाहिजे तुम्हाला?"

"कायच नको. हात सोडव."

मी जोर लावून हात ओढला. हात तिथेच राहिला, दुधाची पिशवी मात्र सुटली आणि फरशीवर फुटली.

"अशी सरळ वढशील तर उद्यापर्यंत वढत बसशील," आत्या शांतपणे म्हणाली. "माझा अंगठा कुठं हाय बघ. अंगठा नि बोटं जिथं मिळतात तिथं फट असते. कोपर माझ्याकडं आण, नि मनगट त्या फटीतून बाहेर काढ."

मी तसं केलं आणि हात सुटला! घरात मुलांना गणिताच्या शिकवण्या देणारी चाळीशीची बाई मी, पण दहावीचा निकाल ऐकल्यासारखी जागच्या जागी उडी मारली. आत्याने स्वतःच्या घरातून दूध आणून दिलं, फरशी पुसली आणि मग ओळख करून दिली. "मी बारकू. पहिल्या मजल्यावर रायते. तुझी बिल्डिंग उभी हाय ना, तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं."

बारकू म्हणजे लहान. सात भावंडांत ती शेवटची, म्हणून हे नाव. पुढे ती वाढत गेली, नाव तेवढंच राहिलं. नवरा वारला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जमिनीवर इमारती झाल्या तरी आत्याच्या लेखी सगळं जुनंच आहे. तिच्या तोंडी सी विंग म्हणजे "खळं" आणि क्लब हाउस म्हणजे "म्हशींचा गोठा". "गोठ्यात मीटिंग हाय, ये," असा निरोप तिने एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायकोला दिला होता. त्यावरून दोन महिने अबोला होता.

या खळ्यासमोरच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सहाला आत्याचा क्लास भरतो. फी नाही, युनिफॉर्म नाही. आठ वर्षांच्या मुलीपासून गुडघे बदललेल्या आजींपर्यंत कोणीही यावं. मी पहिल्या दिवशी ओढणी कमरेला बांधून, आता आपण गुंडांना लोळवणार या थाटात गेले. आत्याने खडूने जमिनीवर एक लांब रेघ मारली.

"मी कबड्डी खेळायची," ती म्हणाली. "चढाई करणारी पोर सात जणींच्या अंगणात एकटी जाते. सातींना मारायला जात नाय. हात लावते नि आपल्या रेघेवर परत येते. तुमी पण मारामारी नाय करायची. सुटायचं नि रेघ गाठायची."

रेघ म्हणजे जिथे उजेड आहे, माणसं आहेत, अशी जागा. प्रत्येकीला रोजच्या रस्त्यावरच्या आपापल्या रेघा पाठ करून याव्या लागतात. "स्टेशनपासून मेडिकल, मेडिकलपासून रिक्षा स्टँड, तिथून पोळीभाजी केंद्र," असं आम्ही पाढे म्हटल्यासारखं म्हणतो. मी एकदा मधल्या रेघेला आइस्क्रीमचं दुकान सांगितलं. आत्या म्हणाली, "ती तुझी रेघ नाय, ती तुझी अडचण हाय."

दुसरा धडा ओरडण्याचा. त्यात "आई गं" चालत नाही. "आई गं बोललीस तर फकस्त आई येईल, नि ती गॅसपाशी हाय. सगळ्या गावाला बोलव!" मग आम्ही वीस जणी एका सुरात "ए! मागे हो!" असं ओरडतो. सुरुवातीला रोज सहा वाजून दहा मिनिटांनी गेटमधून आत येणाऱ्या गाड्या आपोआप मागे जायच्या. आता सवय झाली आहे.

मधे मी ऑनलाइन मिरचीचा स्प्रे मागवला. मोठ्या ऐटीत क्लासमध्ये नेला. आत्याने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "वारा कुठून येतो बघितलंस?" मी म्हटलं, आत्या, वाऱ्याचा काय संबंध? आणि बटण दाबलं. वारा नदीकडून, म्हणजे थेट समोरून, येत होता. वीस बायका, वॉचमन आणि आपली स्कूटर काढायला आलेले सेक्रेटरी अर्धा तास रडत होते. आत्याने तोंडावर पाणी मारलं, डोळे पुसले आणि न्याय दिला, "वस्तू चांगली हाय. फकस्त चोराला सांग, बाबा, माझ्या त्या बाजूला उभा रा."

त्यानंतर कमिटीने ठरवलं, हे असं गावठी नको, ट्रेनिंग घेतलेला माणूस बोलवू. उल्हासनगरहून विकी सर आले. पांढरा ड्रेस, काळा पट्टा, दंड असे की बाह्या रडत होत्या. त्यांनी उत्तम शिकवलं, खोटं कशाला बोला. शेवटी म्हणाले, "अब कोई भी आओ, मुझे कहीं से भी पकड़ो. कसके पकड़ो, डरो मत."

आत्या पुढे झाली. "कुठून पन ना?"

"कहीं से भी, आंटी."

आत्या खाली वाकली आणि तिने त्यांचा घोटा धरला. विकी सर आधी हसले, मग एका पायावर नाचले, मग हळूच पार्किंग नंबर चौदामध्ये बसले.

"आंटी, ये तो सिलेबस में नहीं है," ते बसल्या बसल्या म्हणाले.

"चोराला पन सिलेबस नसतो रं," आत्या म्हणाली आणि हात देऊन तिने त्यांना उठवलं. तेव्हापासून विकी सर दर शनिवारी येतात. अर्धा तास आम्हाला शिकवतात, अर्धा तास आत्याकडून शिकतात. येताना सगळ्यांसाठी दाल पकवान आणतात. म्हणून शनिवारी हजेरी पूर्ण असते.

या क्लासमध्ये प्रणाली यायची. सतरा वर्षांची, तिसऱ्या मजल्यावरच्या मोऱ्यांची मुलगी, अंबरनाथला कॉलेजात बारावीला आणि माझ्याकडे गणिताला. इतकी अबोल की उत्तर विचारलं तर वहीवर बोट ठेवून दाखवायची. तिचं "ए!" पहिले तीन आठवडे तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. आत्या तिच्यासमोर दोन पावलांवर उभी राहायची. "मना ऐकू नाय आलं." मग पाच पावलांवर. मग दहा. ज्या दिवशी प्रणालीचा आवाज गेटपर्यंत पोचला, त्या दिवशी वॉचमनच्या हातातला चहा सांडला आणि आत्याने त्याला स्वतः नवीन चहा करून दिला.

नंतर एका दुपारी, चारच्या सुमाराला, प्रणाली स्टेशनवरून चालत घरी येत होती. एका बाइकवाल्याने पत्ता विचारायला गाडी थांबवली आणि तिचं मनगट धरलं. तिने कोपर पुढे नेलं, मनगट फटीतून काढलं, "मागे हो" म्हणून ओरडली आणि तिची रेघ होती त्या उसाच्या रसाच्या दुकानात धावत शिरली. रसवाले काका आणि दोन गिऱ्हाइकं बाहेर आली. बाइकवाला एक चप्पल तिथेच टाकून पळाला, पण काकांनी नंबर बघून ठेवला होता. संध्याकाळी मोरे भाऊंनी मुलीला घेऊन पोलिसांत तक्रार दिली.

आम्ही पार्किंगमध्ये टाळ्या वाजवून तळहात लाल केले. आत्याने तांदळाच्या पिठाचे घावन केले आणि पहिला घावन प्रणालीच्या तोंडात स्वतः कोंबला.

त्यानंतर चार दिवस प्रणाली क्लासला आली नाही. माझ्याकडेही आली नाही. मी तिच्या घरी गेले तर तिची आई दारातच हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी बंद केलंय. कॉलेजपण. परीक्षेपुरतं घेऊन जाणार म्हणतात."

मी आत्याला सांगितलं. मला वाटलं, आता ही मोरे भाऊंचा घोटा धरणार. पण आत्या नुसती उठली. आत गेली, बूट काढून चपला घातल्या, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल माझ्यासंगं."

मोरे भाऊ कंपनीतून नुकतेच आले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. प्रणाली आतल्या दारात उभी होती.

"आत्या, तुमचे उपकार आहेत," भाऊ म्हणाले. "पण पुन्हा कोणी आलं तर? दोघं आले तर? मी काही ऐकणार नाही."

"नको ऐकू. मी फकस्त माझं सांगते," आत्या म्हणाली. तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी हिच्याएवढी व्हते. जत्रेत एका पोरानं माझा हात धरला. मी त्याला उचलून शेवभजीच्या दुकानात टाकला. सगळं गाव हसलं. बाप माझा दोन दिवस छाती काढून फिरला. तिसऱ्या दिवशी त्याला भीती वाटाया लागली. आठ दिवसांवर कबड्डीचे सामने व्हते. बाप बोलला, नाय जायचं. मंग मैदान बंद. मंग शाळा. उन्हाळ्यात लगीन."

प्रणालीच्या आईने चहा आणून ठेवला. आत्याने पुढे सांगितलं,

"बाप वाईट नव्हता रं. पन त्या पोराला काय झालं? तो दरसाल जत्रेला येतच रायला. जत्रा माझी बंद झाली."

मोरे भाऊंनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. "आत्या, भीती वाटते हो," ते म्हणाले.

"वाटनारच. बाप हायस तू. भी ना खुशाल. पन तुझी भीती तू उचल, तिच्या डोक्यावर नको ठेवू."

आतून प्रणाली म्हणाली, "बाबा, मला कॉलेजला जायचंय." वहीवर बोट न ठेवता, अगदी स्पष्ट.

भाऊंनी मान वर केली. "सोमवारपासून जा," ते म्हणाले. "पण पहिले काही दिवस स्टेशनपर्यंत मी येणार. त्याला नाही म्हणायचं नाही." प्रणाली हसली, तिची आई डोळे पुसत आणखी चहा टाकायला उठली आणि आत्याने हक्काने सोबत खारीही मागितली.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर आत्या अचानक पायरीवर बसली. मला वाटलं गुडघे दुखतायत. मी विचारलं तर तिने नाही म्हणून मान हलवली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझ्या बापाकडं असं कोनी आलंच नाय गो बोलाया," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. वरून भाऊंचा आणि प्रणालीचा आवाज येत होता, सोमवारी किती वाजता निघायचं त्यावरून दोघं वाद घालत होती. आत्या ते ऐकत होती. वाद संपेपर्यंत आम्ही दोघी तिथून उठलो नाही.