काळ्या गाडीवरील जाळ्याची हकीकत

श्री. जी वस्तूंस तेज देते आणि ते तेज राखता राखता माणसे झिजविते, त्या देवीस आधी नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पंचमी ते दशमी या दिवसांत सरकारांचे गाडीखान्यात जे वर्तमान जाहले, ते ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. सरकार होते, कारभारी होते, आणि सरकारांची काळी मोटारगाडी होती, इतके पुरे.

त्या गाडीखान्याचे दारोगे हैबतजी दरेकर म्हणून वृद्ध गृहस्थ. एकतीस वर्षे त्यांणी सरकारी गाड्या धुतल्या, पुसल्या, विजेच्या यंत्राने मेण घोटून उजळल्या, आणि यंत्राचे थरथरीने उजव्या हातास मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत, चहा घेते वेळी कपाखाली बशी वाजत राही. कुटुंब भागूबाई गावी एकल्या राहत. दर सणास त्यांचा निरोप येई की, "औंदा तरी घरला या," आणि दर सणास दारोगे रजा मागत, आणि दर सणास कोणती ना कोणती गाडी आडवी येई. मग पंचमीस हुजुरांची आज्ञा जाहली की, दसऱ्याचे स्वारीस काळी गाडी भर उन्हात सीमेपर्यंत निघेल, तीत आमचे तोंड दिसले पाहिजे. हैबतजींनी मुजरा करून अर्ज केला की, "सरकार, एवढी गाडी उजळून देतो. मग मात्र कायमची रजा द्यावी. हात चालत न्हाई." सरकार त्या समयी खुशीत होते. बोलिले, "तोंड लख्ख दिसले की रजा दिली. दशमीस घरी जा." दारोग्यांनी त्याच दिवशी भागूबाईंस कळविले की दशमीस सुटतो, न्यावयास आलीस तरी चालेल, आणि अस्तन्या सारून कामास लागले.

आता काळा रंग हा मोठा चुगलखोर. यंत्रास लावावयाच्या गादीत एक खडा राहिला तरी यंत्र तो खडा गरगर फिरवून पत्र्यावर बारीक वर्तुळे ओढते, आणि ऊन पडले की कोळ्याचे जाळे पसरावे तैसी ती वर्तुळे वर येतात. यास्तव दारोग्यांची रीत ऐसी की, गाडी सावलीत घेत, पत्रा हातास थंड लागेपर्यंत वाट पाहत, मग दोन बादल्या मांडीत, एकीत साबण आणि दुसरीत फडके खळबळावयास निर्मळ पाणी, म्हणजे काढलेली माती फिरून गाडीवर न जावी. मग यंत्रास फोमची स्वच्छ गादी लावीत, वेग कमी ठेवीत, गादी सपाट टेकवून परातीएवढाच भाग घेत, आणि भाग संपला की गादी ब्रशाने झाडीत, आणि गादी एकवार जमिनीस लागली तर ती टाकून देत, मग ती कालच आणलेली का असेना. मेण पुसावयास मऊ फडके, तेही घडी बदलून आणि सरळ रेषेत. गाडीखान्यातील लोक थट्टा करीत की, दारोगे बाळंतिणीचे पोर न्हाऊ घालतात. ते म्हणत, "पोर दुखलं तर लगेच रडतं. गाडी चार दिसांनी उन्हात सांगती." ऐसे करिता करिता अष्टमीपर्यंत बोनेट आणि टप सोडून सारी गाडी आरशासारखी जाहली.

नवमीस खंडेपूजन. त्या दिवशी हत्यारे मांडावी, पूजावी आणि विसावा द्यावा ही चाल. दारोग्यांनी यंत्रास एक जुनी विटकी गादी लावून ते पाटावर ठेविले, कारण हळदीकुंकू आणि अक्षता गादीवरच पडणार, आणि उद्या ती काढून फेकावयाची होती. पूजा जाहली, नारळ फुटला, आणि दारोगे दोन घास खाऊन हात उशास घेऊन आडवे झाले. इतक्यात कारभारी त्रिंबकपंत सोवनी तेथे आले. हे नवे, उमदे, आणि सरकारांचे नजरेत भरावयास फार उतावीळ. त्यांणी पाहिले की बोनेट आणि टप उरले आहेत, आणि गाडी उन्हात ओढविली, आणि यंत्र उचलिले. हाताखालचा एक जण भीत भीत म्हणाला, "पंत, गादी बदलायची असते." पंत बोलिले, "देवीची पूजा झालेली गादी काढायची? अवमान होईल. उलट हीच चालवू, मुहूर्त साधेल." मग पत्र्यावर मेण फासून वेग सर्वांत मोठा केला, आणि तापल्या पत्र्यावर कुंकू, हळद आणि अक्षतांच्या कण्या यांसह यंत्र गरगरा फिरविले.

आवाज ऐकून दारोगे धावत आले, तो बोनेट आणि टप दोन्ही होऊन चुकले होते. पंत घाम पुसत म्हणाले, "तुमचे कष्ट वाचविले, हैबतजी." दारोग्यांनी तिरपे होऊन उन्हात पाहिले. वर्तुळात वर्तुळ, एक बोटभर जागा मोकळी नव्हती. त्यांणी गाडी ढकलून आत घेतली.

दिवस कलता सरकार स्वतः पाहावयास आले. गाडी छपराखाली, उजेड मंद, ताजे मेण ओले चकाकत होते, जाळे कोठेच दिसेना. सरकारांनी बोनेटात मिशी पाहिली आणि म्हणाले, "वाहवा. हैबतजी, दिली रजा. आत्ताच निघालात तरी चालेल." लोकहो, दारोग्यांस मनापासून घरी जावयाचे होते. एक मुजरा करून निघते तर उद्या ऊन पडेपर्यंत ते गावच्या ओसरीवर असते. परंतु एकतीस वर्षांची खोड, तोंडून निघून गेले की, "सरकार, बोनेटावर जाळं हाय. उन्हात दिसंल." सरकारांचे कपाळास आठी पडली. "कोणी केले?" त्रिंबकपंत आपल्या पगडीचा पदर चाचपू लागले. दारोगे म्हणाले, "गाडीखाना माझा हाय, सरकार." सरकार बोलिले, "तर मग रजा कसली. आधी गाडी उजळा."

दशमीस उजाडताच दारोगे कामास बसले. आधी गाडी फिरून धुतली, मग बारीक घोटण, म्हणजे चरे झिजविणारा लेप, आणि नवी गादी, आणि परातीएवढा एक भाग करावा, गाडी उन्हात ढकलून पाहावी, पुन्हा सावलीत आणावी, पत्रा निवेपर्यंत उकिडवे बसावे, मग पुढला भाग. वर्तुळे विरत गेली आणि हात लाकूड झाला, चमचा धरवेना. दोन प्रहरी मेणाचा शेवटचा हात फिरला आणि गाडी स्वारीस उभी राहिली. भर उन्हात सरकारांनी पाहिले, तो मुंडासे, मिशी, कानातली भिकबाळी, सारे जसेच्या तसे. सरकार फार संतोषले. म्हणाले, "असा हात राज्यात दुसरा नाही. असा हात सोडीन तर लोक मला वेडा म्हणतील. हैबतजी, पुढल्या दसऱ्यापर्यंत राहा." आणि मुहूर्त साधल्याबद्दल त्रिंबकपंतांस शाल दिली.

तोच भागूबाई गाठोडे घेऊन, ठरल्याप्रमाणे न्यावयास आल्या. दारोग्यांनी खाली पाहत पुढल्या दसऱ्याचे सांगितले. बाई रागावल्या नाहीत, गाडीशी गेल्या, आणि बोनेटात दोघांची तोंडे शेजारी शेजारी पाहत राहिल्या. म्हणाल्या, "गाडीवर एक रेघ न्हाई. आन आपली तोंडं बघा." दारोगे म्हणाले, "उन्हात दिसायचंच." बाईंनी हळूच बोट पुढे करून पत्र्यातल्या त्यांच्या गालास लाविले. बोटाचा ठसा उठला. आणि दारोग्यांचा हात आपसूक कमरेच्या मऊ फडक्याकडे गेला, आणि त्यांणी तो ठसा सरळ रेषेत पुसून काढिला. मग काय केले ते त्यांस कळले, परंतु तोवर भागूबाईंनी गाठोडे उचलिले होते.

येणेप्रमाणे दशमीची स्वारी थाटात जाहली, गाडीत सर्वांची तोंडे दिसली, आणि भागूबाई दुपारचे एस.टी.ने एकल्याच परत गेल्या. लिहिणारास याउपर लिहावयाचा हुरूप नाही.