खाच जुळली, चिपसेट रुसला

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं! हे मी सकाळी अशा ऐटीत म्हणालो, की बायकोने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"अहो, पण माझं मशीन नीट चाललंय की!"

ती घरांचे नकाशे काढते. चार वाजता एका गिऱ्हाइकाला नकाशा पाठवायचा होता. तो पसंत पडला, तर अख्ख्या वसाहतीचं काम तिच्याकडे येणार होतं.

"चाललंय कुठलं, रांगतंय! नवा प्रोसेसर आणलाय. बघ कसं उधळतं ते!"

ती मोजमापं घ्यायला बाहेर पडली आणि मी तिच्या मशीनची पेटी उघडली. तेवढ्यात मेव्हणा टपकला. त्याच्या मशीनचा प्रोसेसर जळला होता. मी उदार मनाने आमचा जुना काढून त्याच्या तळहातावर ठेवला. अशी संधी रोज का येते!

नवा प्रोसेसर खाचेत बसला, पाळण्यात तान्हुलं निजावं तसा अलगद. बटण दाबलं. पंखा गरगरला, दिवे लुकलुकले, आणि पडदा? काजळाच्या डबीसारखा काळाकुट्ट!

दुकानदाराला फोन लावला.

"खाच जुळते हो साहेब, पण तुमच्या बोर्डाचा चिपसेट याला ओळखत नाही."

म्हणजे चिपसेट ही घरातली थोरली जाऊबाई! नवी सून उंबऱ्यात उभी, आणि ही म्हणणार, 'कोण गं तू?'

"उपाय सोपा आहे," दुकानदार म्हणाला. "बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम, अपडेट करा. त्यासाठी मशीन सुरू व्हायला फक्त जुना प्रोसेसर पुन्हा लावायचा."

फक्त!

मेव्हण्याला फोन केला. "दाजी, आत्ताच बसवला! काय पळतोय म्हणून सांगू!"

माझ्याकडे रांगणारा तिकडे पळत होता. दारात बायको उभी. तिने काळा पडदा पाहिला, मग मला पाहिलं. पडदा जास्त बोलका वाटला असावा. नकाशाचा पेनड्राइव्ह उचलून ती थेट भावाकडे गेली.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. "दाजी, नकाशा वेळेत गेला, काम मिळालं! आणि ताई म्हणते, जुना प्रोसेसर तिच्या मशीनला परत. तिच्या बोर्डाला तुमचा हात लागायचा नाही."

"बरं. मग नवा?"

"माझ्या चिपसेटला चालतो तो. मी आधी बघून घेतलं ना!"

तर मंडळी, तो महागडा प्रोसेसर मी मेव्हण्याला भेट द्यायलाच आणला होता. निदान पाहुण्यांना तरी मी असंच सांगतो!