चंद्रीला न चाललेलं लुगडं

माणसानं नवा मोबाईल जरूर घ्यावा, पण त्याचा कॅमेरा चांगला आहे हे स्वतःला कळू देऊ नये. मला कळलं. आणि पुढच्याच रविवारी मी घरात जाहीर केलं, की डोळ्यांदेखत नाहीशा होत चाललेल्या गोष्टींचे मी फोटो काढणार. (मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये क्लार्क आहे. दिवसभर 'माल शिल्लक नाही' हेच सांगत असल्यामुळं नाहीशा होणाऱ्या गोष्टींचा माझा अभ्यास मोठा आहे.)

"कसल्या गोष्टी?" बायकोनं, म्हणजे वर्षाराणीनं, कणीक मळता मळता विचारलं.

"पाटा-वरवंटा, कंदील, टपालपेटी..."

"माळ्यावर पितळी बंब हाय. त्याचा फोटो काढा आणि तसाच भंगारात देऊन या. म्हणजे खरंच नाहीसा होईल."

कलेची कदर घरात होत नाही. मी एकटाच बाहेर पडलो. टपालपेटीचा फोटो काढताना एक आजोबा मधे येऊन उभे राहिले आणि 'माझा कुठं छापून येणार?' असं विचारत कोपऱ्यापर्यंत मागं आले. शेवटी त्यांच्यापासून सुटका करून घेताना मला दूध कट्टा आठवला.

कोल्हापूरकरांना दूध कट्टा सांगायला नको, बाहेरच्या पावण्यांसाठी सांगतो. संध्याकाळी म्हशी चौकात आणून बांधायच्या, गिऱ्हाइकानं ग्लास घेऊन थांबायचं, समोर धार काढायची आणि फेसाळतं दूध तिथंच प्यायचं. आमच्या पेठेत पूर्वी म्हशींमुळं गाड्यांना वाट मिळत नसे, आता गाड्यांमुळं म्हशींना मिळत नाही. कट्ट्यावर एकच म्हैस उरली होती. तिचं नाव चंद्री, आणि ती माझ्या सासूबाईंची.

सासूबाईंना सगळी पेठ आक्का म्हणते. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, सम्राटला, गोठा पाडून गाड्यांचं वॉशिंग सेंटर काढायचं होतं. बाकीच्या म्हशी त्यानं विकल्या. चंद्रीच्या बाबतीत मात्र आक्कांनी बजावलं होतं, "कट्ट्यावर उभी राहून दूध देतीया तवर हिला हात लावायचा न्हाई. ज्या दिशी देणार न्हाई, त्या दिशी तूच तिचा दोर सोड." आक्का शब्दाच्या पक्क्या. त्याच रविवारी संध्याकाळी सम्राटनं म्हशींच्या केरबा व्यापाऱ्याला 'नुसतं बघून जा' म्हणून बोलावलं होतं. हे मला ठाऊक होतं. म्हणून तर म्हटलं, चंद्री जायच्या आत फोटो झालाच पाहिजे.

आता आक्का धार कशा काढतात? अंगात फुलाफुलांचा गाऊन, त्यावर सम्राटचा जुना चौकटीचा शर्ट, पुढ्यात निळी प्लास्टिकची बादली. असल्या फोटोला जुन्या काळाचा फोटो कोण म्हणेल? मी आक्कांना आमच्या घरी बोलावलं (घर कट्ट्याला लागूनच आहे).

"आक्का, तेवढं नऊवारी लुगडं नेसा."

"धार काढायला? पावणं, आता काय लगीन हाय माझं?"

"फोटोपुरतं हो!"

जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून बिचाऱ्या कबूल झाल्या. लेकीच्या कपाटात ठेवायला दिलेलं त्यांचंच लुगडं वर्षाराणीनं काढून दिलं. वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांत मुरलेलं ते लुगडं उलगडताना मला शिंका आवरेनात. मग मी निळ्या बादलीच्या जागी पितळी चरवी ठेवली, मोटारसायकली ढकलून बाजूला केल्या, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोतं टाकलं. सगळं कसं अस्सल झालं. फक्त चंद्रीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आक्का खाली बसल्या. चंद्रीनं मान वळवून वास घेतला, डोळे पांढरे केले आणि चरवीला अशी लाथ हाणली, की ती घरंगळत पानपट्टीपर्यंत गेली. पाठोपाठ शेणानं भरलेल्या शेपटीचा फटका माझ्या छातीवर. (मी वाकून क्लोज-अप घेत होतो.)

"चंद्रे, अगं मी हाय की गं!" आक्का म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. पुन्हा लाथ! चंद्रीचं रेडकू कधीच मोठं झालेलं. तिला पान्हा फुटायचा तो आक्कांच्या अंगाच्या वासावर, आणि तो वास आता डांबरगोळ्यांनी पार गिळून टाकला होता.

"आटली वाटतं," सम्राटशेजारी येऊन थांबलेला केरबा दाढी खाजवत म्हणाला.

सम्राटनं दोराकडं बघितलं, आणि ते आक्कांनीही बघितलं.

"कास भरलीया तिची," त्या हळूच म्हणाल्या. "सोडली न्हाई तर सुजंल. पावणं, पळा. माझा गाऊन घेऊन या."

आक्का हळू बोललेल्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. फोटो गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि पळत सुटलो.

"आक्कांचा गाऊन कुठाय?"

"भिजवला," वर्षाराणी अभिमानानं म्हणाली. "केवढा वास मारत होता! पावडर घातली आणि वर गुलाबाचं सुवासिक लिक्विडपण घातलं."

"अगं, तो वासच पाहिजे होता!"

सगळं ऐकल्यावर तिचाही चेहरा उतरला. तिनं तसाच गाऊन पिळला. "थांबा, असं शेणानं माखून रस्त्यानं जाऊ नका," म्हणत तिनं माझा शर्ट ओढून काढला, खुंटीवरचा हाताला लागेल तो माझ्या अंगात कोंबला, मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला, आणि आम्ही दोघं कट्ट्याकडं धावलो.

आक्कांनी लुगड्यावरूनच ओला गाऊन चढवला. चंद्रीनं हुंगलं. गुलाबाचा वास तिच्या सात पिढ्यांत कुणी घेतला नसावा. तिनं अशी काही फुर्रर्र केली, की ग्लास घेऊन थांबलेली मंडळी झटकन मागं सरली.

"आक्का," सम्राट खाली बघत म्हणाला, "तूच म्हणालीवतीस."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "शब्द म्हंजी शब्द." आणि चंद्रीच्या कपाळावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

मला रडूच यायला लागलं. चांगली दूध देणारी म्हैस, आणि मी एका फोटोपायी तिला व्यापाऱ्याच्या दावणीला बांधत होतो! निदान चंद्रीची तरी माफी मागावी म्हणून मी तिच्याजवळ गेलो. तिनं मान वळवली आणि माझी कॉलर चाटली. मग खांदा चाटला. मग पाठ. आणि अगदी हळू, मायेनं हंबरली.

"पान्हावली!" आक्का किंचाळल्या. "पावणं, हलू नगा! कुठला शर्ट घातलाय त्यो?"

मी खाली बघितलं. चौकटीचा. म्हणजे सम्राटचा जुना, म्हणजेच आक्कांचा. (रंग जातो म्हणून वर्षाराणीनं तो गाऊनबरोबर भिजवला नव्हता.)

"काढा त्यो!"

"इथं?"

"दाजी, काढा की पटकन!" हे सम्राट ओरडला. हो, सम्राटच.

खरं सांगतो, माझी अडचण शर्टाची नव्हती, आतल्या बनियनची होती. त्यात मुख्यतः भोकं होती, आणि त्यांना धरून ठेवण्यापुरतं कापड. पण आक्कांचं तोंड बघवेना. मी डोळे मिटले आणि भर चौकात शर्ट काढला. कट्ट्यावर शिट्ट्या पडल्या. आक्कांनी गाऊन भिरकावला, लुगड्यावर शर्ट चढवला, निळी बादली ओढली आणि मला शेपटी धरायला सांगून खाली बसल्या.

चर्रर्र... चर्रर्र...

अहाहा! एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. बादलीत फेस वर वर येत होता आणि माझ्या छातीवरचा धोंडा खाली खाली उतरत होता. आक्का चंद्रीला मनसोक्त शिव्या देत होत्या, पुन्हा पहिल्यासारख्या मोठ्यांदा. केरबानं एक ग्लास मागून घेतला, मिशा पुसल्या आणि "ही न्हाई जायाची" म्हणत वाटेला लागला. सम्राटनं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "वॉशिंग सेंटर ऱ्हाऊ दे आक्का," तो म्हणाला, "सध्या हिलाच धुतो." हे म्हणताना तो डोळे पुसत होता, धुरळा गेला म्हणे.

घरी आल्यावर अंघोळ करून मी मोबाईल उघडला. कट्ट्याचा एकही फोटो धड नव्हता. कुठं माझं बोट आलेलं, कुठं लाथ. एक मात्र अगदी लख्ख होता. तो वर्षाराणीनं काढलेला. त्यात चंद्रीच्या मागं भोकाच्या बनियनवर, गालाला शेण लावून, दोन्ही हातांनी शेपटी धरून मी दात काढत उभा. तिनं तो माझ्याच मोबाईलवरून माहेरच्या ग्रुपवर टाकूनही दिला होता, खाली ओळ लिहून: 'नाहीशी होत चाललेली गोष्ट – जावयाचा मान.'

त्यावर शाहूवाडीच्या मामांनी लगेच विचारलं होतं, 'म्हस झ्याक हाय. मागचा गडी कवा ठेवला?'

त्याला पहिला अंगठा आक्कांचा होता.