पाठक सर आन माझ्या नावाचा जंत

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा, आन आमचे भाडेकरू पाठक सर साठीला टेकलेले. माणूस सकाळी उठला की देवाला हात जोडतो, चहा मागतो. पाठक सर आंघोळ झाली की टॉवेल गुंडाळून, ओल्या अंगानं कॉम्प्युटर उघडायचे आन जगात कुणी आपलं नाव काढलं का ते बघायचे. मंग जिन्यातून आवाज यायचा, "अण्णा, आकडा तेवढाच."

मी शाळा दुसरीत सोडली. आमचं घराणं मेंढरं वळणारं. पण तीर्थपुरीत स्लॅबचं घर मी माझ्या हिमतीवर बांधलं आन वरची खोली सरांना दिली. सर घनसावंगीला कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवायचे. एकटा जीव. लग्न राहून गेलं असं सांगायचे, बाजारातून मीठ आणायचं राहावं तसं.

त्यांचा सगळा जीव जंतांवर. मेंढरांच्या आतड्यातले जंत. स्वतः कांदा-लसूण न खाणारा माणूस, पण बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानात सगळ्यांच्या आधी हजर. खाटीक नवा होता तवा त्यानं विचारलं, "सर, मांडी देऊ का चाप?" सर नाकाला रुमाल लावून म्हणले, "आतडी द्या. धुऊ नका." सगळं दुकान वळून बघायला लागलं.

सापडलेल्या जंतावर ते इंग्रजीत पेपर लिहायचे. दुसऱ्या कुण्या शिकलेल्यानं आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला की सरांचा आकडा एकानं वाढायचा. "दखल, अण्णा, दखल. माणूस दखलीवर मोजतात," हे त्यांचं पालुपद.

मी म्हणलो, "म्हंजे एडक्यासारखं. कुणाकुणाच्या कळपात त्याची कोकरं हायत, त्यावर एडक्याची किंमत."

"बरोबर तेच," सर खूष झाले.

"मंग तुमची कोकरं हायत कुठं?"

"आहेत थोडी. पण निम्म्याहून जास्त माझ्याच कळपात."

म्हंजे आपल्याच पेपरात आपलंच नाव काढलेलं. मी म्हणलो, आरशापुढं उभं राहून रामराम घालायचा, आन वर तो मोजायचा. सर दोन दिवस चहाला खाली आले न्हाईत.

एकदा मला वर बोलावून त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. कोण कुणासंगं मिळून लिहितं, त्याचं. बाकीच्या मास्तरांभोवती दोऱ्यांची ही जाळी. सरांचा नुसता ठिपका, दोरा एक न्हाई. "रिटायर व्हायच्या आत कुणीतरी एकानं माझ्यासोबत लिहावं," म्हणले. "एकच दोरा, अण्णा. जास्त नको."

तेवीस सालाच्या तीन वर्षं आधीचं सांगायचं राहिलं. आमची एक मेंढी मेली, सरांनी तिचं पोट बघायला मागितलं, मी दिलं. पुढं कधीतरी सर पेढे घेऊन आले. "अण्णा, तुमच्या मेंढीत नवा जंत मिळाला. जगात कुणी पाहिला नव्हता. मी त्याला तुमचं नाव दिलं." पुढं खानदानाचं लांबलचक विलायती नाव आन मागं 'काशिनाथी'.

माझा हातातला पेढा हातातच राहिला. आमच्या बापानं देवाला नवस बोलून ठेवलेलं नाव, आन ते जंताला. आमची कारभारीण रुक्मिण भाकरी थापता थापता म्हणली, "बराबर दिलं सरांनी. चिकटलं की सुटत न्हाई." आठ दिवस मी दोघांशीबी बोललो न्हाई.

मंग सरांनी समजावलं, की जगात मेंढरं हायत तवर तुमचं नाव पुस्तकात राहणार. हे मला पटलं. आमदाराचं नाव पाच वर्षं राहतं. टेंभुर्णीच्या व्याह्यांना मी मुद्दाम जाऊन सांगून आल्तो. त्यांच्या घरात कुणाच्या नावाचं काय हाय?

तर तेवीस साली, उन्हाळ्यात, सर सकाळी जिन्यातून आवाज न देता खालीच आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"आकडा एकानं वाढला."

"मंग तोंड का असं?"

कलकत्त्याची एक बाई, तीबी जंतांचीच मास्तरीण. तिनं लिहिलं होतं, की पाठकांचा हा जंत नवा न्हाईच. जुनाच हाय, मरताना आखडला म्हणून वेगळा दिसला.

"म्हंजे तुम्हाला खोटं पाडलं तरी आकडा वाढतो?"

"वाढतो. मशीनला काय, नाव आलं की झालं."

त्यानंतर सर आकडा बघेनात. चार दिवस नुसतं कॉलेज आन खोली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. बाईची ई-मेल आल्ती. तुमच्याकडची मूळ जंताची काचेची पट्टी पाठवा, आपण दोघं मिळून दुरुस्तीचा पेपर लिहू, तुमचं नाव आधी घालू.

"हाच की तुमचा दोरा," मी म्हणलो.

"मी नाही म्हणून कळवतोय."

"का?"

"तो पेपर झाला की 'काशिनाथी' रद्द. कायमचं."

मला रागच आला. दिलेलं नाव परत घेणारी ही बाई कोण? व्याह्यांना काय सांगू? मी म्हणलो, "बिलकुल कळवा. न्हाई म्हणून कळवा."

सर मान हलवून उठले. जिन्यापाशी थांबले. माझ्याकडं न बघता म्हणले, "चूक माझीच आहे, ती सांगायला मला लाज नाही, अण्णा. पण मला आयुष्यात कुणाचं नाव ठेवायची वेळ आली नाही. एकदाच ठेवलं, ते आपल्या माणसाचं ठेवलं." आन वर गेले.

रुक्मिण दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं एकदा बघून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आन वर जाऊन म्हणलो, "पट्टी काढा." सरांनी ती कापसात गुंडाळून डब्यात घातली. घनसावंगीच्या पोस्टापर्यंत जीपमध्ये डबा मी माझ्या मांडीवर घेतला. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायचो. शेजारी पाठक सर, त्या बाईला काय लिहायचं ते ओठातल्या ओठात म्हणून बघत होते.