ओपलचे बूट माझ्या हातात

पाय वाजवण्याच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या हॉलिवूडमध्ये नाही! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. सांगणार तरी कसं? मी पडद्यावर दिसतच नाही.

तुम्ही चित्रपट बघायला जाता. नायक चकचकीत बूट घालून जिन्यावरून टकाटक टकाटक उतरतो आणि तुम्ही म्हणता, वा, काय वाजतायत पाय! अहो, नाचतो तोच, पण वाजतात ते माझे! चित्रीकरणाच्या वेळी गाणं भोंग्यावर इतक्या मोठ्यानं लावलेलं असतं की बुटांचा आवाज धरताच येत नाही. तो नंतर भरावा लागतो. एका बंद खोलीत, समोरच्या पडद्यावर बघत, टाचांना आणि चवड्यांना पत्रे ठोकलेले बूट घालून कोणीतरी तोच नाच पुन्हा नाचतं. तो कोणीतरी म्हणजे मी, क्लाइड व्हॉस्लर. आणि नायिकेचे पाय म्हणजे माझी बायको ओपल.

ही गोष्ट स्टुडिओ जिवापाड लपवून ठेवतो. स्टुडिओत येण्याआधी एकोणीस वर्षं आम्ही दोघं गावोगावच्या थिएटरांत नाचलो. कुत्र्यांच्या कसरती आणि जादूगार यांच्यामध्ये आमचा नंबर असायचा. त्यामुळे एका वर्षी आमच्याकडे एक चित्रपट आला तेव्हा मला वाटलं, हा तर आमच्यावरच काढलाय! गाणारं-नाचणारं एक जोडपं. रंगमंचावर साखरेत घोळलेलं, घरी मात्र भांड्याला भांडं. शेवटी बायको कंटाळून टोप्यांचं दुकान काढते आणि नवऱ्याला कळतं की आपण एकटे नाचलो तर बघायला काळं कुत्रंही येत नाही. मग रिकाम्या थिएटरात दोघं एक अक्षर न बोलता नाचतात आणि नाचता नाचता समेट होतो. तिथं वाद्यंही थांबतात. ऐकू येतात ते फक्त बूट!

म्हणजे तो नाच सगळा आमच्या पायांवर. गुरुवारी दुपारी आवाज भरायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी चित्रपट पोमोनाला न्यायचा, असं ठरलं होतं. आमच्याकडची रीतच ती. चित्रपट तयार झाला की आधी कुठल्यातरी लांबच्या गावात न सांगता दाखवायचा, आणि साहेब लोकांनी मागच्या रांगेत अंग चोरून बसायचं, लोक हसतात की उठून जातात ते बघायला.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये मी ऑर्व्हिलबरोबर जेवत होतो. ऑर्व्हिल म्हणजे आमचा आवाज भरणारा. गडी इतका थंड की भूकंप झाला तरी आधी आवाज कसा आला ते विचारील. तो सहज म्हणाला, "आजचा नाच अवघड आहे हं. ओपलला जमेल ना?"

"ओपलचं काय घेऊन बसलास!" मी म्हणालो. "अरे, मी वाजवतो, ती मागून येते. पतंगाला शेपटी असते ना, तशी. शेपटी नसली तरी पतंग उडतोच की!"

ऑर्व्हिलनं चमचा खाली ठेवला. तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या मागे बघत होता.

मागे ओपल उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये हिरवी जेली. जेली थरथरत होती, ओपल मात्र स्थिर. तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती तर मी बिनधास्त राहिलो असतो. पण ती शांतपणे बसली. शांतपणे सगळी जेली खाल्ली. तोंड पुसलं.

"क्लाइड," ती म्हणाली, "पतंग छान उडव हं. शेपटी चालली लाँग बीचला."

लाँग बीचला तिची बहीण विनी राहते. ती मुलामुलींचा नाचाचा वर्ग चालवते आणि कधीची ओपलच्या मागे लागली होती, ये, आपण दोघी मिळून चालवू. ओपल दर वेळी म्हणायची, "आणि क्लाइड एकटा काय करील?"

"आता तोही प्रश्न मिटला," ओपल दारातून म्हणाली. "विनीनं पाटीसुद्धा रंगवून घेतलीय."

"अगं, गंमत केली!"

"मीही गंमतच करतेय," असं म्हणून ती निघून गेली.

तेवढ्यात झेलरसाहेब आले. झेलरसाहेब म्हणजे निर्माते. बुटके आहेत, पण आवाज दोन मजली. "व्हॉस्लर! ओपल कुठाय?"

आता खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. पण खरं सांगणं माझ्या रक्तात नाही. "ओपल कशाला हवी, साहेब? दोघांचंही मी एकटा वाजवतो! आधी नायकाचं भरतो, मग नायिकेचं. वर्षानुवर्षं शेजारी उभा राहून बघतोय, मला काय तिची पावलं माहीत नाहीत?"

"जमेल?"

"डोळे मिटून!"

नायकाचे पाय झकास झाले. मग नायिकेचे. तिथं ऑर्व्हिल काचेपलीकडून म्हणाला, "क्लाइड, बाईचे बूट वेगळे वाजतात. तुझे बूट म्हणजे घोडा जिना चढतोय."

कोपऱ्यात ओपलचे बूट होते. रागाच्या भरात ती साध्या चपलांवरच गेली होती. मी पाय घालून बघितला. अंगठा गेला. बाकीच्या पायानं नकार दिला. दुसरी कोणी नाचणारी बोलवावी तर गुपित फुटतं. काय करणार? मी ते बूट हातांत घातले! गुडघ्यांवर बसलो, माइक आणखी खाली घ्यायला लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि सुरू झालो.

डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, जमिनीवर ओणवा, हातांत बायकोचे बूट, आणि समोर पडद्यावर फुलपाखरासारखी बागडणारी नायिका! ती गिरकी घेई तेव्हा मी गुडघ्यांवर गरगर फिरे. ती बाकावर उडी मारी तेव्हा मी खुर्चीवर हात आपटी. हेडफोनमध्ये ठेका धरण्यापुरती लावलेली वाद्यं, जी चित्रपटात ऐकू येणार नव्हती, इतकी घणघणत होती की मला माझा श्वासही ऐकू येत नव्हता. आणि तिची पावलं! ती आपण समजत होतो तशी नव्हतीच. त्या खोलीत मला एक गोष्ट कळली. ती मेलो तरी कोणाला सांगायची नाही, असं मी तिथंच ठरवलं. मनातल्या मनात काही पुटपुटलो असेन तेवढंच.

"झालं?" मी हेडफोन काढून विचारलं.

"झालं," ऑर्व्हिल म्हणाला. "माझ्याकडून काही अडचण नाही."

शुक्रवारी संध्याकाळी पोमोनाचं थिएटर गच्च भरलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो. मांडीवर कागदी पिशवी आणि पिशवीत ओपलचे बूट. ते का आणले होते ते मला विचारू नका. घरात एकटे ठेववेनात. आदल्या संध्याकाळी मी एकटाच जेवलो, आणि मासळीचा पत्र्याचा डबा उघडायची चावी कुठं असते इथपासून सुरुवात होती. खरंच भीती वाटली. ती परत आली नाही तर?

आणि शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसलं. ओपल! बूट माझ्याकडे आहेत हे ऑर्व्हिलनं तिला कळवलं होतं.

"माझे बूट दे."

"ओपल..."

"सोमवारपासून वर्ग सुरू आहे. बूट दे, मी निघते."

आता बघा, हीच वेळ होती. 'चुकलो' एवढा एक शब्द. पण माझे पाय कुठंही वळतात, जीभच वळत नाही! "चित्रपट संपला की देतो," मी म्हणालो. तिनं सुस्कारा टाकला आणि बसून राहिली.

चित्रपट मस्त चालला होता. लोक हसत होते, झेलरसाहेब आमच्याच रांगेच्या टोकाला फुगत होते. मग तो शेवटचा नाच आला. रिकामं थिएटर, चांदण्यासारखा उजेड. वाद्यं हळूहळू थांबली. टक. टकटक. नायकाचे पाय. टिक. टिकटिक. नायिकेचे. वा क्लाइड, मी स्वतःलाच म्हणालो. नायिकेनं मान वर केली, ओठ विलग केले, आणि अख्ख्या थिएटरात एक घोगरा पुरुषी आवाज घुमला:

"ए डाव्या, दमानं! आई आई गं, गुडघा!"

 मग असा हशा उसळला! झेलरसाहेब खुर्चीत ताठ झाले. मी पिशवीत तोंड खुपसलं. कानांवर हेडफोन असले की माणूस किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळत नाही! आणि माइक तर माझ्या तोंडाशीच होता!

पडद्यावर नायिका हरिणीसारखी गिरकी घेत होती आणि धापा टाकत होती बैलासारख्या. "ही बया इथं कशी वळते रे? अरेच्चा! ठोका हिचा आधी पडतोय! म्हणजे मी... मीच मागून येतोय? इतकी वर्षं? शेपटी मीच!"

ओपलनं माझ्याकडे वळून बघितलं. मी पिशवी आणखी वर ओढली.

तेवढ्यात नायक नायिकेसमोर गुडघ्यावर बसला, आणि माझा आवाज रडकुंडीला आला: "ओपल! परत ये गं! मला पुढचं येत नाही!"

आता त्या नायिकेचं चित्रपटातलं नाव मॅगी! पुढच्या रांगेत मोठी फुलांची टोपी घातलेल्या एक बाई होत्या, त्या ताडकन म्हणाल्या, "अगंबाई! ही ओपल आणखी कोण?"

"मला काय माहीत?" त्यांचे यजमान मक्याच्या लाह्या चघळत म्हणाले.

"तुम्हाला बरोबर माहीत असतं! बाहेर भानगड आहे मेल्याची! हिच्यासमोर बसतो आणि नाव तिचं घेतो!"

"ऐकू नकोस गं त्याचं!" दुसरी एक बाई पडद्याकडे बघून ओरडली. "टोप्यांचं दुकान सोडू नकोस!"

पण मॅगीला काय पडलं होतं? तिनं त्याला उठवलं आणि गच्च मिठी मारली. "माफसुद्धा केलं!" फुलांच्या टोपीनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हातानं यजमानांच्या लाह्या काढून घेतल्या.

दिवे लागले. मी खुर्चीखाली शिरायच्या बेतात होतो, पण झेलरसाहेबांनी मला कॉलरला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. चेहरा बीटासारखा लाल. "व्हॉस्लर! ओपल, ओपल! लाखो डॉलरच्या चित्रपटात तू बायकोला हाका मारतोस? ऑर्व्हिल! तुला ऐकू आलं नाही?"

"आलं की," ऑर्व्हिल म्हणाला. "मला वाटलं, संवाद असेल. अख्ख्या चित्रपटात तोच एक मनापासून वाटला."

साहेबांनी मला हाकलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत बायकांचा घोळका त्यांच्यावर चालून आला. "अहो, तुम्हीच काढलात ना हा? त्या ओपलचं पुढं काय झालं ते सांगा! परत आली का ती?"

साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी ओपलकडे. आणि तिथं, त्या सगळ्या बायकांसमोर, माझी जीभ एकदाची वळली. "चुकलो गं," मी म्हणालो आणि पिशवी तिच्या हातात दिली. "हे घे. जायचं तर जा. पण मला पुढचं खरंच येत नाही."

ओपलनं पिशवी घेतली. व्हरांड्याच्या पायरीवर बसली, चपला काढल्या, बूट चढवले आणि चार पावलं वाजवून बघितली. घोळका श्वास रोखून उभा.

"ढिले केलेस मेल्या!" ती म्हणाली. "हे काय पंजे आहेत की फावडी? नवी जोडी घेऊन द्यायची. आणि यापुढं ठोका मी देईन, तू मागून यायचं."

"येतो!"

"साहेब, उद्या किती वाजता?"

"आठ," झेलरसाहेब खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "दोघं. आणि याच्या तोंडाला फडकं बांधून आण."

घोळक्यानं टाळ्या वाजवल्या. फुलांच्या टोपीवाल्या बाई मात्र ओपलच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तूच का ती? बघ बाई, मॅगीकडे परत जायला लावू नकोस त्याला!" ओपल हसून हसून माझ्या खांद्यावर पडली. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. घरी जाताना गाडीत ती माझ्या शेजारी बसून पायांनी ठेका धरत होती आणि मी मुकाट्यानं तिच्या मागून.

शनिवारी नाच पुन्हा भरला. फडकं मी खरंच बांधलं होतं. चित्रपट गावोगाव चालला, विनीनं पाटी पुन्हा रंगवून घेतली, आणि नायिकेच्या पायांचं वर्तमानपत्रांनी तोंडभरून कौतुक केलं. ओपलनं ती कात्रणं आरशाला लावलीत.

माझंही नाव झालं म्हणा, जरा वेगळ्या तऱ्हेनं. ऑर्व्हिलनं तो पहिला आवाज पुसलाच नाही. त्याची एक तबकडी करून त्यानं ओपलला वाढदिवसाला भेट दिली. आता रविवारी कोणी पाहुणे आले की आधी कोंबडी, मग केक, मग मी. पाहुणे पोट धरधरून हसतात. शेवटी माझी ती रडकी हाक आली की बायकांचे डोळे पाणावतात. कोणीतरी म्हणतंच, "बाई, किती गं प्रेम तुझ्यावर!"

ओपल सुई अलगद उचलते.

"प्रेमबीम काही नाही हं," ती म्हणते. "त्याला पुढचं खरंच येत नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान डोलावतो. काय करणार? अजूनही येत नाही!